किरुना: आधी रसायन, मग गाव

ऑगस्ट 2025 मध्ये स्वीडनच्या उत्तरेकडील किरुना या खाणगावातले 672 टन वजनाचे लाकडी चर्च आहे तसे चाकांवर चढवून, दोन दिवसांत 5 किलोमीटर दूर नेण्यात आले. ती दृश्ये पाहताना मला गाव हलते आहे यापेक्षा आर्क्टिक वर्तुळापलीकडे ते मुळात वसलेच कसे, याचे कुतूहल अधिक वाटले.

‘लोखंड सापडले म्हणून’ हे उत्तर पुरत नाही. किरुनावारा आणि लुओसावारा या डोंगरांतल्या लोहखनिजाची लेखी नोंद 1736 पर्यंत झालेली होती, आणि रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांचा तर तो वावराचाच मुलूख. तरीही पुढची दीडशे वर्षे तिथे गाव उभे राहिले नाही. स्लेजवरून दगड वाहून नेणे परवडत नव्हते हे खरेच, पण खनिजात फॉस्फरस भरपूर होता आणि तो लोखंडात उरला की पोलाद थंडीत ठिसूळ होते, ही अडचण अधिक मूलभूत होती. 1870 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये सिडनी गिलख्रिस्ट थॉमस यांनी भट्टीला डोलोमाइट या चुनखडीसारख्या दगडाचे अस्तर देऊन आत चुना घालण्याची पद्धत सिद्ध केली. फॉस्फरस चुन्याशी संयोग पावून धातूच्या मळीबरोबर बाहेर पडू लागला आणि ज्या डोंगरांकडे कुणी फिरकत नव्हते, त्यांना एकाएकी भाव आला.

1890 मध्ये एलकेएबी ही खाणकंपनी स्थापन झाली. पुढे लोहमार्ग किरुनापर्यंत आला आणि 1902 मध्ये नॉर्वेतल्या नार्विक या हिवाळ्यातही न गोठणाऱ्या बंदराला जाऊन भिडला.

गावाची आखणी मात्र घाईत झाली नाही. कंपनीचे व्यवस्थापक यालमार लुंडबोम हे भूवैज्ञानिक होते. शेजारच्या माल्मबेर्गेतमध्ये खाणीभोवती वाटेल तशा झोपड्या उभ्या राहिल्या होत्या आणि तसे इथे होऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. 1900 साली वसलेल्या या गावाचे रस्ते उताराच्या वळणाने आखले गेले, जेणेकरून बोचरा वारा सरळ घुसू नये. (व्यवस्थापकाने वाऱ्याचा विचार करावा, याचे मला फार अप्रूप वाटते.)

पण खनिजाचा थर तिरका आहे आणि तो खोल जाताना गावाच्याच दिशेने सरकतो. खाण खोलावत गेली तशी वरची जमीन खचू लागली, म्हणून आता स्थलांतर. 1912 मध्ये पूर्ण झालेले ते चर्च कंपनीनेच गावाला बांधून दिले होते. ते हलवण्याचा खर्चही तिनेच उचलला.