दह्याशिवाय डिप, आणि ठळक अक्षरांतलं दूध

मुलीच्या वर्गाची सत्र संपतानाची पार्टी ठरली आणि पालकांच्या ग्रुपवर निरोप आला: दूध, दही, लोणी, चीज असलेलं काहीही आणू नका, आणि जे आणाल त्याच्याजवळ सगळ्या घटकांची यादी लिहून ठेवा. मला राग आला. बाजारच्या पाकिटावर यादी असते हे ठीक, पण मी घरी, स्वतःच्या हाताने डिप, म्हणजे कापलेल्या भाज्या बुडवून खायचं दाट वाटण, करून नेणार त्याचीही? आपल्याकडे "काय काय घातलंस गं यात?" असं विचारतात ते पदार्थ आवडला म्हणून, कृती हवी म्हणून. खाण्याच्या आधी लेखी जाब कोणी मागत नाही. तो राग अगदीच अस्थानी होता असं मी आजही म्हणणार नाही. दहा जणींनी हौसेने केलेलं टेबलावर मांडलंय आणि प्रत्येक भांड्यापुढे एक कागद, हे बघायला परकंच वाटतं.

निरोपामागचं कारण मात्र मला माहीत होतं. वर्गातल्या एका मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. इथे इंग्लंडमध्ये मुलांच्या वाढदिवसांना मी त्याला पाहिलेलं आहे. बाकीची पोरं केकवर तुटून पडलेली असतात आणि हा शेजारीच बसून आईने दिलेल्या डब्यातला स्वतःचा केक खात असतो. रडत नाही, हट्ट करत नाही, दुसऱ्याच्या ताटाकडे हात नेत नाही. सात वर्षांच्या मुलाला एवढं शहाणपण यावं लागतं, याचंच मला वाईट वाटतं. आणि घरून करून नेलेल्या अशा खाऊला लेबल लावायची कायद्याने सक्तीही नाही. म्हणजे हा निरोप कोणत्या सरकारी खात्याचा नव्हता, वर्गातल्या बाकीच्या आईवडिलांचा होता.

हे भारतात घरी फोनवर सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "दही तर चालत असेल ना? दूधच पचत नसेल त्याला." दुसरा, "आणि तूप? तुपात काय असतं?" हा गोंधळ आपल्याकडे फार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दूध न पचणं वेगळं. त्यात लॅक्टोज ही दुधातली साखर पचवणारं विकर आतड्यात पुरेसं तयार होत नाही, मग पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. अशा माणसाला बऱ्याचदा दही-ताक सोसतं, कारण विरजणातले जीवाणू बरीचशी साखर आधीच खाऊन टाकतात. दुधाची ॲलर्जी म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती दुधातल्या प्रथिनांवरच, केसीन आणि व्हे (दूध फाटल्यावर निघणाऱ्या पाण्यातल्या) प्रथिनांवर, चाल करून जाते. ती प्रथिनं दह्यात आहेत, ताकात आहेत, पनीरमध्ये आहेत, लॅक्टोज-फ्री लिहिलेल्या दुधातही आहेत. तूप कितीही छान कढवलं तरी त्यात त्यांचा अंश राहू शकतो. शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच, म्हणून तोही पर्याय नाही. "एवढ्याशाने काय होतंय" हे वाक्य आपण मायेनेच म्हणतो, पण ते इथे चालत नाही. एवढ्याशानेच होतं.

२०१७ मध्ये लंडनमध्ये ओवेन कॅरी नावाचा मुलगा आपला अठरावा वाढदिवस साजरा करायला हॉटेलात गेला. दुधाची ॲलर्जी असल्याचं त्याने तिथे सांगितलं होतं. चिकन ताकात मुरवलेलं होतं आणि मेनूत ताकाचा उल्लेख नव्हता. तो त्याच संध्याकाळी गेला. मुरवणातलं दही-ताक डोळ्यांना दिसत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्या निम्म्या तंदुरी पदार्थांचा जीव त्यातच असतो. त्याच्या आधीच्या वर्षी, २०१६ मध्ये, पंधरा वर्षांची नताशा एदनान-लापेरूज विमानतळावर घेतलेलं सँडविच खाऊन दगावली. पावाच्या पिठात तीळ होते आणि वेष्टनावर ते लिहिलेलं नव्हतं. तिच्या आईवडिलांनी नेट धरला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून इथे कायदा आला, तिच्याच नावाने ओळखला जातो: दुकानात तयार करून तिथेच गिऱ्हाइकासाठी आधी बांधून ठेवलेल्या प्रत्येक खाद्यपदार्थावर घटकांची पूर्ण यादी हवी आणि ॲलर्जीचे घटक उठून दिसायला हवेत.

बहुतेक ठिकाणी ते ठळक अक्षरांत छापतात. आणि या ठळक अक्षरांचं मला मनापासून कौतुक आहे, कितीही लिहिलं तरी कमीच. बिस्किटाचा पुडा उलटा केला की बारीक अक्षरांच्या त्या गर्दीतून "दूध" हा शब्द काळाकुळकुळीत होऊन समोर येतो. चष्मा नसला तरी दिसतो. काही चवींच्या बटाटा वेफर्समध्ये दुधाची भुकटी असते, लोण्याऐवजी वापरतात त्या काही मार्गारिनमध्ये ताक असतं, सूपच्या काही पाकिटांत व्हे असतं, हे मला त्या ठळक अक्षरांनी शिकवलं. भारतातही अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावर ॲलर्जीच्या घटकांची नोंद सक्तीची आहे, त्यामुळे आपल्याकडे काहीच नाही असं कोणी समजू नये. पण आपण वाचत नाही. आपण हिरवा ठिपका बघतो, शेवटची तारीख बघतो आणि पुडा टोपलीत टाकतो.

ॲलर्जीच्या घटकांच्या इथल्या कायदेशीर यादीत चौदा घटक आहेत. दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, ग्लूटेन असलेली गव्हासारखी धान्यं, मासे, हे अपेक्षित होते. पण मोहरी? तीळ? मोहरी तडतडल्याशिवाय आपली एक कोशिंबीर पुरी होत नाही, आणि ती यादीत शेंगदाण्याच्या बरोबरीने बसलेली. जाड दांड्यांची सेलरीही त्यात आहे, म्हणजे डिपबरोबर कापून ठेवायची म्हणून जी भाजी इथे सगळ्यांत आधी आठवते तीच. यादी पूर्ण वाचली तेव्हा लक्षात आलं की "दूध नको" एवढ्यावर भागणार नाही. सगळ्या वर्गासाठी करायचं तर बाकीचेही टाळलेले बरे.

यावर आपल्याकडची काही मंडळी म्हणतात, "हे सगळे तिकडचे लाड. आमच्या वेळी कोणाला कसली ॲलर्जी नव्हती." मला हे पटत नाही, आणि त्याहून जास्त हे पटत नाही की आपल्याला या गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. आपल्या पंगतीत उपवासाचं ताट न सांगता वेगळं येतं. जैन शेजाऱ्यांसाठी कांदा-लसूण घालण्याआधीच भाजी वेगळी काढली जाते. मधुमेही काकांना जिलबीऐवजी काय वाढायचं हे वाढणाऱ्याला तोंडपाठ असतं. कोणाच्या ताटात काय नको हे लक्षात ठेवण्यात आपला हात कोणी धरणार नाही. आपण ते डोक्यात ठेवतो, हे लोक कागदावर ठेवतात. ओळखीच्या वीस माणसांत डोकं पुरतं. साठ अनोळखी माणसांत कागदच लागतो, हे मात्र मान्य करायला हवं.

आता डिप. दुकानात विनादुधाची डिप्स मिळतात. ती मी आणून पाहिली आणि मला आवडली नाहीत. आंबट म्हणजे नुसता व्हिनेगरचा आंबटपणा, आणि दाटपणा आणायला घातलेल्या स्टार्चने जिभेवर बसणारा थर. व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीही नसलेलं, असं लिहिलेलं असलं तरी त्यात काजू, सोया किंवा तीळ असू शकतात, म्हणजे एकाला वाचवताना दुसरा अडचणीत. नारळाचं दही मिळतं, पण त्यात काहीही घाला, शेवटी नारळच लागतो. माझं मत असं झालं आहे की दह्याची नक्कल करायचीच नाही. भाज्या भाजून, कडधान्याच्या जोरावर दाट, मऊ काहीतरी करायचं, जे मुळातच दह्याचं नव्हतं. मग कोणाला "यात काहीतरी कमी आहे" असं वाटत नाही.

दोन मोठ्या लाल ढोबळ्या मिरच्या अर्ध्या करून, बिया काढून, साल वर येईल अशा ताटलीत ठेवायच्या. एक मोठं गाजर बोटाएवढे तुकडे करून शेजारी. चार लसूण पाकळ्या सालासकट फॉइलच्या पुरचुंडीत. सगळ्यावर चमचाभर तेल आणि मीठ, आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर साधारण ३५ ते ४० मिनिटं. लसूण २० मिनिटांनी बाहेर काढायची, नाहीतर कडू होते. मिरचीच्या सालीवर काळे फोड यायला हवेत, त्यात कंजूषी नको. भाजण्याचं कारण फक्त चव नाही. भाजीतलं पाणी उडतं, आणि पाणी हाच डिपचा शत्रू आहे. कच्ची किंवा उकडलेली भाजी वाटली तर तासाभरात वाटीत कडेने पाणी सुटतं. मिरच्या गरम असतानाच पातेल्यात झाकून ठेवल्या की वाफेने साल आपोआप सुटते.

भाज्या भाजल्या जात असताना बटर बीन्सचा (मोठं पांढरं कडधान्य, नावात बटर असलं तरी त्यात लोणी नसतं) ४०० ग्रॅमचा डबा उघडायचा, पाणी वाटीत काढून ठेवायचं, बीन्स धुऊन थोड्या गरम करायच्या. तुमच्याकडे बटर बीन्स सहज मिळाल्या नाहीत तर काबुली चणे भिजवून, चिमूटभर सोडा घालून बोटात चिरडतील इतके मऊ शिजवा. साधारण दीड वाटी शिजलेले हवेत. गरम कडधान्य थंडपेक्षा खूप गुळगुळीत वाटलं जातं, फरक जिभेला लगेच कळतो.

वाटण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी फक्त बीन्स, भाजलेली लसूण, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ आणि बीन्सचं दोन चमचे पाणी. हे अगदी लोण्यासारखं होईपर्यंत फिरवायचं, मधेमधे भांड्याच्या कडा खरवडून. मग फिरत असतानाच दोन टेबलस्पून ऑलिव्ह तेल बारीक धारेने. इथे रंग फिका होतो आणि वाटण फुलतं. मिरच्या आणि गाजर सर्वांत शेवटी, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याच्या पुडीबरोबर. सगळं एकदम टाकलं तर गाजराची कणी राहते. नंतर किमान तासभर फ्रिजमध्ये, त्यात ते आणखी आळतं. मीठ आणि लिंबू थंड झाल्यावर पुन्हा चाखून बघा, कारण थंड पदार्थात मीठ कमी जाणवतं.

वरून फोडणी हवीच, त्याशिवाय ते माझं होत नाही. मोहरी गाळली. हिंगही गाळला, कारण बाजारच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवर वाचून पाहा. तेलात जिरं, गॅस बंद करून काश्मिरी तिखट, आणि ती लाल धार वर गोल फिरवली. बाजूला काकडी, गाजर, कच्ची ढोबळी मिरची, फ्लॉवरचे तुरे. ब्रेडस्टिक्स ठेवणार असाल तर पाकीट उलटं करून बघा, काहींत दूध असतं.

खरी मेहनत मात्र त्याच्या आधीची. माझ्या मिक्सरच्या भांड्यात आदल्या दिवशी लस्सी झाली होती. भांडं धुतलेलं, लखलखीत. पण झाकणाची रबरी रिंग सुरीच्या टोकाने काढली तर तिच्या खाचेत पांढरी रेघ बसलेली. ती रिंग, पात्यांचा तळ, खरवडायचा उलथना, सगळं गरम पाण्याने आणि साबणाने पुन्हा घासलं. नुसतं पुसून किंवा सॅनिटायझर फवारून प्रथिनं जात नाहीत. तुम्ही कोणासाठी असं काही करणार असाल तर ती रिंग काढल्याशिवाय सुरुवात करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

पार्टीत त्या मुलाच्या आईने माझा कागद बोट ठेवून ओळ ओळ वाचला. मग विचारलं, "मिक्सर कशाने धुतला? चमचा वेगळा आहे?" मी रिंगेसकट सगळं सांगितलं. तिने स्वतःच्या हाताने एका कागदी बशीत डिप घेतलं, काकड्या ठेवल्या आणि बशी मुलाला दिली. त्याने ते संपवून पुन्हा मागितलं. इतक्या लोकांनी माझ्या हातचं खाल्लं आहे, पण इतका अभिमान मला क्वचितच वाटला. मागून कोणीतरी दुसऱ्या भांड्यातला चमचा आमच्या भांड्याकडे नेत होतं, तो तिने आणि मी एकदमच अडवला.

तीसेक मुलांसाठी वरचं प्रमाण तिप्पट घ्या, पण दोन-तीन घाण्यांत वाटा आणि लिंबू-मीठ शेवटी एकत्र करून बेताने वाढवा. फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं. टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

आता दिवाळी येते आहे आणि मी इथल्या आमच्या मराठी मंडळींपुढे फराळाच्या टेबलावर कार्डं ठेवायचा विषय काढला. "आपल्याच माणसांत कशाला?" असं दोघा-तिघांनी म्हटलंच. पण त्या टेबलावर शेंगदाण्याचा आणि मोहरीच्या फोडणीचा चिवडा असतो, तीळ घातलेली चकली असते, दूध-तुपातले शंकरपाळे असतात, काजू लावलेले बेसनाचे लाडू असतात, आणि आता आपल्या मुलांबरोबर त्यांचे इथले मित्रही येतात. कार्डं मी लिहिते आहे. कोणाच्या चकलीच्या मोहनात लोणी आहे आणि कोणाच्या तेल, तेवढं करणाऱ्यांनी मला आदल्या रात्रीपर्यंत कळवावं.