सबस्क्राइबरचे व्ह्यूज आणि बाहेरचे व्ह्यूज: आकडा कुठे बघायचा, कसा वाचायचा

नाशिक जिल्ह्यात यूट्यूब चॅनल चालवणारे आता गावोगावी आहेत. कोणी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर बोलतं, कोणी लासलगावचे कांद्याचे भाव सांगतं, कोणी हरिहर-अंजनेरीचे ट्रेक टाकतं. तक्रार मात्र सगळ्यांची सारखीच: सबस्क्राइबर दहा हजार आणि व्हिडिओला व्ह्यूज पाचशे. तक्रार खोटी नाही, पण या दोन आकड्यांचा भागाकार करून हाती काही लागत नाही. पाचशेतले सबस्क्राइबर किती, बाहेरचे किती आणि कोण कुठल्या वाटेने आलं, हे बघितलं की पुढच्या व्हिडिओत काय बदलायचं ते ठरवता येतं.

हे काम लॅपटॉपवर करा, मोबाइल ॲपमध्ये एवढं उलगडून दिसत नाही. यूट्यूब स्टुडिओ, त्यात ॲनालिटिक्स, मग उजवीकडे वर ॲडव्हान्स्ड मोड. तक्त्याच्या वर कन्टेन्ट, ट्रॅफिक सोर्स (प्रेक्षक कुठल्या वाटेने आला), जिओग्राफी असे पर्याय दिसतात. तिथेच ‘मोअर’मध्ये सबस्क्रिप्शन स्टेटस सापडतं. ते निवडलं की दोन ओळी येतात: सबस्क्राइब्ड आणि नॉट सबस्क्राइब्ड. व्ह्यूज आणि वॉच टाइमसोबत ॲव्हरेज व्ह्यू ड्युरेशनचा, म्हणजे एका व्ह्यूमागे सरासरी किती वेळ पाहिलं याचा, रकानाही लावून घ्या, त्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. ताजा डेटा साधारण दोन दिवस मागे असतो. म्हणून काल टाकलेल्या व्हिडिओचा हिशोब आज मांडत बसू नका.

आता ‘नॉट सबस्क्राइब्ड’ या ओळीत कोण कोण येतं ते बघू. ज्याने चॅनल कधी पाहिलंच नाही तो येतोच. शिवाय लॉग-इन न करता पाहणारा, इन्कॉग्निटोमध्ये पाहणारा, घरातल्या टीव्हीवर दुसऱ्याच्या खात्यातून पाहणारा, हे सगळे त्याच ओळीत जातात. तुमचा जुना, नेहमीचा प्रेक्षकही त्यात असू शकतो. दुसरी गोष्ट, स्टेटस मोजलं जातं ते पाहण्याच्या क्षणाचं. एखाद्याने व्हिडिओ पाहिला, आवडला, मग सबस्क्राइब केलं, तरी तो व्ह्यू बाहेरच्यांतच धरला जातो. लगेच दुसरा व्हिडिओ पाहिला तर तो सबस्क्राइबरच्या ओळीत जातो. त्यामुळे बाहेरच्यांचा वाटा नेहमी थोडा फुगलेला असतो हे धरूनच चालावं.

सर्वात जास्त फसवतो तो एकत्रित सरासरीचा आकडा. समजा, एका व्हिडिओला सबस्क्राइबरचे 2,000 व्ह्यूज आले, सरासरी 6 मिनिटं. बाहेरचे 3,000 आले, सरासरी 3 मिनिटं. एकूण सरासरी निघते 4 मिनिटं 12 सेकंद. पुढचा व्हिडिओ होम पेजवर चढला. सबस्क्राइबर तेच 2,000, सरासरी तीच 6 मिनिटं. बाहेरचे मात्र 18,000, आणि त्यांची सरासरी 3 मिनिटं 10 सेकंद. म्हणजे सबस्क्राइबर तसेच टिकले आणि बाहेरचे आधीपेक्षा जास्त थांबले. तरीही एकूण सरासरी 3 मिनिटं 27 सेकंदांवर येते! नुसता वरचा आकडा बघणारा माणूस इथे घाबरतो आणि चांगला चाललेला साचा मोडून टाकतो. कुठलाही निष्कर्ष काढायच्या आधी दोन्ही ओळी वेगळ्या बघायच्या, ही सवय लावून घ्या.

तुलना करताना व्हिडिओंचं वय सारखं हवं. पहिल्या दोन-तीन दिवसांत सबस्क्राइबरचा वाटा बहुतेक वेळा जास्त असतो, कारण बेल नोटिफिकेशन आणि सबस्क्रिप्शन फीड तेव्हाच काम करतात. पुढे सर्च आणि सजेस्टेडमधून (दुसऱ्या व्हिडिओशेजारी सुचवलेल्या यादीतून) बाहेरचे येत राहतात आणि तो वाटा खाली जातो. आठवड्याभराचा व्हिडिओ आणि दोन वर्षांचा व्हिडिओ शेजारी ठेवले तर नव्यात सबस्क्राइबरचा वाटा उगाच जास्त दिसणार. प्रत्येकाचे पहिले 7 दिवस घ्या किंवा पहिले 28 दिवस घ्या. आणि शॉर्ट्स बाजूला काढा. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू धरतात, किमान पाहण्याची अट नाही. त्यात फीडमध्ये येणारे बरेचसे बाहेरचेच असतात. शॉर्ट्स मिसळले की मोठ्या व्हिडिओंचं चित्र पुसलं जातं. ॲडव्हान्स्ड मोडमध्ये व्हिडिओंचे ग्रुप करता येतात, त्यामुळे विषयवार ग्रुप एकदाच करून ठेवले की दर वेळी निवडत बसावं लागत नाही.

आता खरी कामाची पायरी. सबस्क्रिप्शन स्टेटसचा फिल्टर लावा, नॉट सबस्क्राइब्ड निवडा आणि तक्ता ट्रॅफिक सोर्सनुसार बघा. मग फिल्टर बदलून सबस्क्राइब्ड बघा. बाहेरचे मुख्यतः यूट्यूब सर्चमधून येत असतील तर ते प्रश्न घेऊन आलेले आहेत. ब्राउझ फीचर्समधून येत असतील तर शीर्षक आणि थंबनेलने त्यांना ओढलंय. होम पेज आणि सबस्क्रिप्शन फीड दोन्ही ब्राउझमध्येच मोजतात, म्हणून सबस्क्राइबरच्या बाजूला ब्राउझचा आकडा मोठा दिसणं साहजिक आहे. एक्स्टर्नलमध्ये, म्हणजे यूट्यूबबाहेरच्या ॲप-साइटवरून आलेल्यांत, आत शिरून व्हॉट्सॲप किती ते जरूर बघा. शेतकऱ्यांच्या ग्रुपमध्ये फिरलेली लिंक तिथेच कळते.

द्राक्षाचं उदाहरण घेऊ. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा यूट्यूबवर शोध सुरू होतो. अशा वेळी गेल्या वर्षीचा व्हिडिओसुद्धा सर्चमधून पुन्हा चालायला लागतो, आणि पाहणारा बहुतेक बाहेरचा असतो. त्याच्या हातात बागेतलं पान आहे आणि त्याला एवढंच जाणून घ्यायचंय की हा डाऊनीच आहे का. व्हिडिओची सुरुवात ‘नमस्कार मंडळी, मागच्या भागात आपण बघितलं’ अशी असेल तर तो निघून जातो. पहिल्याच चौकटीत पान दाखवा: वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग, पान उलटल्यावर त्याच जागी पांढरी बुरशी. सबस्क्राइबर तुमचा नमस्कार ऐकून घेतो, कारण त्याला पुढचं माहीत असतं. व्हिडिओच्या रिटेन्शन आलेखात (कुठल्या क्षणापर्यंत किती प्रेक्षक टिकले ते दाखवणाऱ्या) सबस्क्राइबर आणि बाहेरचे अशा दोन रेषा वेगळ्या बघता येतात, पुरेसे व्ह्यूज असतील तर. पहिल्या 30 सेकंदांत फक्त बाहेरच्यांची रेषा कोसळत असेल तर दोष सुरुवातीचा. दोन्ही रेषा एकाच जागी पडत असतील तर तिथला मजकूरच लांबलाय, तो कापा.

सबस्क्राइबरच पाहत नसतील तर आधी ऑडियन्स टॅबमध्ये बेलचा आकडा बघा. सगळी नोटिफिकेशन चालू ठेवणारे किती टक्के, आणि त्यातल्या किती जणांच्या फोनवर ती खरंच पोचतात, हे तिथे दिसतं. एका चॅनलकडून 24 तासांत जास्तीत जास्त 3 नोटिफिकेशन जातात. बाजारभावाचे रोज पाच-सहा तुकडे टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बाहेरच्यांकडून किती मिळालं हे मोजायला सोपा हिशोब आहे: व्हिडिओने मिळवलेले सबस्क्राइबर भागिले बाहेरचे व्ह्यूज, गुणिले 1,000. 12,000 बाहेरच्या व्ह्यूजवर 60 सबस्क्राइबर मिळाले तर हजारी 5. व्ह्यूज म्हणजे माणसं नव्हेत, त्यामुळे हा आकडा फक्त तुमच्याच दोन व्हिडिओंची तुलना करायला वापरा, दुसऱ्याच्या चॅनलशी नाही.

2027च्या सिंहस्थाच्या काळात हे फार कामाला येईल. रामकुंड, त्र्यंबकेश्वर, पार्किंग, स्नानाच्या तारखा यांवरच्या व्हिडिओंना देशभरातून बाहेरचे व्ह्यूज येतील, त्यातले काही सबस्क्राइबही करतील. पर्वणी संपल्यावर यातल्या बहुतेकांना तुमच्या मिसळीत किंवा द्राक्षबागेत रस नसेल, आणि सबस्क्राइबरच्या व्ह्यूजचं प्रमाण एकदम घसरलेलं दिसेल. म्हणून सिंहस्थाच्या व्हिडिओंचा ग्रुप पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा आणि नेहमीच्या विषयांचा हिशोब त्यांना वगळूनच करा.