समासातला बोंबील

हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात माझा हिशोब कधी चुकला नाही. पाटी केवढ्याला उचलली, बर्फाचे किती गेले, उधारी कुणाकडे, सगळं तोंडपाठ. अक्षरांचं मात्र वाकडं. शाळा चौथीत सुटली, १९८९ साली.

गुन्हा काय, ते इथे लिहीत नाही. शिक्षा झाली आणि मी येरवड्याच्या महिला कारागृहात आले. पहिलं वर्ष रडण्यात गेलं. घरची पत्रं बराकीतली एक बाई वाचून दाखवायची. चांगली होती बिचारी, पण नवऱ्याने काय लिहिलंय ते आधी तिला कळायचं, मग बराकीला, शेवटी मला.

त्या रागापायीच गुरुजींच्या वर्गात जाऊन बसले. परत बाराखडी. नीट वाचायला यायला लागल्यावर पहिलं वाचलं ते माझंच हिस्ट्री तिकीट, म्हणजे कैद्याच्या नोंदींचा कागद. कलम, शिक्षेची तारीख, माफीचे दिवस. वय ३५! सांगितलं मीच होतं, अंदाजाने. चौथीचं साल धरून मोजलं तर चार वर्षं फुकटची म्हातारी झाले होते.

पुढे मुक्त विद्यापीठ. बारावी नसली तरी पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला बसता यायचं तेव्हा. पुस्तकावर छापलेलं, ‘ज्ञानगंगा घरोघरी’. घरोघरी म्हणे! आम्ही पोट धरून हसलो. हे विद्यापीठ सुरू झालं तेही १९८९ लाच, हे कळल्यावर मात्र जरा गप्प झाले.

बराकीत दिवा रात्रभर चालू असतो. वर्षभर त्याला शिव्या घालत डोळ्यांवर पदर ओढून झोपले होते. अभ्यासाला तोच उपयोगी पडला. संध्याकाळी टोटल, म्हणजे आमची मोजणी, घेऊन कुलूप लागलं की भिंतीला टेकून बसायचं. मुलं सहा वर्षांची होईपर्यंत आईजवळ राहू शकतात. शेजारणीचा पोरगा मांडीवर येऊन पुस्तकात चित्रं शोधायचा. राज्यशास्त्रात कसली आलीत चित्रं! मग मी समासात बोंबील काढून द्यायचे. समुद्र त्याने पाहिलेलाच नव्हता. बोंबलाला पाय काढ म्हणायचा. काढले.

दुसऱ्या वर्षाला असताना सुटले. शेवटचं वर्ष घरून दिलं, पाट्या धुऊन झाल्यावर. बंदरावर सुरुवातीला बायका माझ्याशेजारी बसत नव्हत्या. आता बचतगटाचे कागद माझ्याकडेच येतात. परवा कर्जाचा फॉर्म भरताना बँकेतल्या पोरीने विचारलं, “मावशी, शिक्षण कुठे झालं तुमचं?”

म्हटलं, “पुण्याला.”