वहीवर वाकताना

रविवार, रात्र. बाहेर धो धो पाऊस.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय मी एकदा वाचतोच. तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल, असं तो पहिल्याच ओवीत बजावतो. डी.एड.ला पाठ टाचण शिकलो, फलकलेखन शिकलो, पण ही धास्ती तिथे कुणी घातली नव्हती. नोकरी जुनी होत गेली तशी ती वाढत गेली.

सहावीत एक मुलगी आहे. वही तपासायला तिच्या बाकाशी वाकलो की ती श्वास रोखते. आधी वाटलं, घाबरते. मग कळलं. बाप संध्याकाळी कुठल्या अवस्थेत घरी येतो, हे अख्ख्या वाडीला माहीत आहे. मोठं माणूस जवळ आलं की आधी वास बघायचा आणि मग किती लांब सरकायचं ते ठरवायचं, हे ती घरात शिकली आहे. तिच्या दिवसातली शुद्धीवरची, भरवशाची माणसं म्हणजे शाळेतली आम्ही. आम्हीही तशीच निघालो तर तिने जायचं कुठे?

मी दारू का घेत नाही असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर एवढंच आहे.

आम्ही कॅथलिक. दारूचा थेंबच पाप, असं आमचा धर्म म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. मिस्साबलिदानात, म्हणजे चर्चमधल्या आमच्या मुख्य उपासनेत, द्राक्षारसच लागतो. प्रेषित पौल आपला शिष्य तीमथ्य याला पत्रात पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि हे वचन पाठ नसलेला पिणारा मला अजून भेटलेला नाही. पण त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, अध्यक्ष, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धर्मपुढारी, कसा असावा हे सांगताना, ‘शिकवण्यात निपुण’ याच्या लगेच पुढे ‘मद्यपी नसावा’ असं येतं. हे दोन गुण शेजारी-शेजारी आले आहेत. शिकवणाऱ्याची जीभ आणि पिणाऱ्याची जीभ एका तोंडात नांदत नाहीत, हे पौलाने पाहिलेलं असणार.

मे महिन्यात वाडीतल्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लदीन ही सामूहिक प्रार्थना झाली, चणे वाटले, ग्लास फिरले. एका पालकाने प्रेमाने माझ्यापुढे ग्लास धरला. “सर, थोडी घेवा. देवाच्या कार्यातली आसा.” मी चणे घेतले. त्याला वाईट वाटलं असेल. पण आजूबाजूला माझेच विद्यार्थी दिवे विझू नयेत म्हणून हात आडवे धरून उभे होते. ज्याने भावाला ठेच लागेल ते न खाणं-पिणंच बरं, असं पौल रोमकरांना लिहितो. इथे भाऊ दहा-बारा वर्षांचा आहे.

शाळा सुटल्यावरची वेळ माझी, असं सहकारी म्हणतात. शहरात ते चालतही असेल. आमच्याकडे एसटी स्टँडवर, मासळी बाजारात, दशावताराला, कुठेही गेलं तरी मागून ‘गुरुजी’ अशी हाक येतेच. सरकारी नोकरांचे १९७९ चे वर्तणूक नियमही कामावर नशेत असू नये एवढ्यावर थांबत नाहीत, सार्वजनिक जागी नशेत दिसण्यालाही मनाई करतात.

सहलीचं मात्र मला फार लागलं आहे. बांद्याची हद्द ओलांडली की दारू स्वस्त, त्यामुळे गोव्याची सहल ठरली की काही जणांचे चेहरे निराळ्याच कारणाने उजळतात. एका वर्षी अशाच सहलीत दिवसा जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चला गेलो. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला संत फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने मुलांना शिकायला बोलावत फिरायचा, हे मी मुलांना तिथेच सांगितलं. त्या रात्री एका मुलाला सणसणून ताप भरला. त्याला डॉक्टरकडे न्यायला शुद्धीवर होते दोघेच, बसचा ड्रायव्हर आणि मी. शिक्षकांच्या खोलीचं दार वाजवूनही उघडेना, तेव्हा तो मुलगा मला म्हणाला, “सर, ते सर पण आजारी आसत काय?”

हो म्हणालो. ते खोटं नव्हतं असं मला आजही वाटतं.

आणि नुसत्या वासाचंच नाही. रात्रीची उतरलेली नसते तेव्हा सकाळी पहिल्या तासाला आवाज चढतो, डस्टर आपटतो, एखाद्याच्या पाठीत धपाटा बसतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली आहे, पण त्या धपाट्यामागे बाटली होती हे कुठल्याच कागदावर येत नाही. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे ते ओळखतो. मस्टरवर सही सांभाळून घेतो, तास वाटून घेतो आणि याला माणुसकी म्हणतो. वर्गातल्या चाळीस पोरांच्या वाट्याला त्यातली किती येते?

भावाने अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याला सांग, असं मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभू म्हणतो. आधी एकटा, मग दोघे-तिघे, मग सगळी ख्रिस्ती मंडळी. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात माणसाची अब्रूही राहते आणि गोष्ट झाकूनही राहत नाही. तेव्हा ज्यांचे तास आम्ही असे वाटून घेतो, त्या सरांना उद्या मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला घेऊन जायचं ठरवलं आहे. मुख्याध्यापकांकडे आत्ताच नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा अशा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीला जायची त्यांची तयारी असेल, तर पहिल्या खेपेला मी बरोबर येतो आणि त्या दिवशीचे त्यांचे तास भरून काढतो, हेही सांगणार आहे. चिडले तर चिडू देत.