दबावाखाली घेतलेला निर्णय विचारपूर्वक असू शकतो का?

दबावाखाली घेतलेला निर्णय विचारपूर्वक असू शकतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी व्यवस्थापन शिकवतो आणि जवळपास प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतंच, "सर, बाहेरच्या लोकांनी आरडाओरडा केला म्हणून कंपनीनं निर्णय फिरवला, तर त्यात विचार कुठे आला? ते तर नमतं घेणं झालं."

शंका रास्त आहे. तिच्यासाठी मी 1995 सालचं ब्रेंट स्पार प्रकरण काढतो. उत्तर समुद्रातली तेल साठवायची ही अवाढव्य टाकी निकामी झाली होती. खर्च, कामगारांचा धोका, पर्यावरण असं सगळं तपासून आणि ब्रिटिश सरकारची परवानगी घेऊन ती अटलांटिकच्या तळाशी बुडवायचं शेल कंपनीनं ठरवलं. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेचे कार्यकर्ते टाकीवर चढून बसले, जर्मनीत लोकांनी शेलच्या पंपांकडे पाठ फिरवली आणि जूनमध्ये कंपनीनं बेत सोडला. टाकीत 5500 टन तेल उरलंय, असं ग्रीनपीस सांगत होती. प्रत्यक्षात त्याच्या आसपासही नव्हतं. संस्थेनं त्याबद्दल माफी मागितली.

हे ऐकलं की विद्यार्थी शेलच्या बाजूला झुकतात. मी झुकत नाही. आकडा चुकला होता आणि तशी चूक कार्यकर्त्यांनाही माफ नसावी. पण शेलचा हिशेब एका टाकीचा होता. विरोधकांना तिच्यामागून येणारे, उत्तर समुद्रातले तेल काढायचे बाकीचे सगळे प्लॅटफॉर्म दिसत होते. एक टाकी बुडवल्यानं किती बिघडेल, हा एक प्रश्न; समुद्र ही भंगार टाकायची जागा आहे का, हा दुसरा. दुसरा प्रश्न कंपनीच्या बैठकीत आपणहून आला नसता. 1998 मध्ये ओस्पार या सागरी पर्यावरण कराराच्या देशांनी, थोडे अपवाद ठेवून, असे सांगाडे समुद्रात टाकायला बंदीच केली.

कधीकधी माहितीही असते, फक्त ती ज्याच्याकडे आहे त्याला विचारत कोणी नाही. 23 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीला तडे दिसले. दुसऱ्या दिवशी खालची बँक बंद राहिली, वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. इमारत कोसळून 1100 हून जास्त माणसं गेली. तडे त्यांनीही पाहिले होते. "आज आत जाणार नाही" म्हणायची ताकद नव्हती. त्यानंतर कामगार संघटनांनी परदेशी ब्रँडांशी जो करार केला, तो कायद्यानं बंधनकारक होता आणि धोक्याच्या जागी काम नाकारायचा हक्क त्यात लिहून घेतला होता. माझ्या लेखी हा कंपन्यांच्या निर्णयपद्धतीतला बदल आहे, दानधर्म नव्हे.

भागधारकांचंही तसंच. 2021 मध्ये इंजिन नंबर वन या छोट्या फंडानं जेमतेम 0.02 टक्के शेअर हाती असताना, बाकीच्या भागधारकांची मतं मिळवून, एक्झॉनमोबिल या तेल कंपनीच्या संचालक मंडळावर आपले तीन उमेदवार निवडून आणले. फंडाचा मुद्दा नफ्याचाच होता, फक्त पुढच्या काही दशकांतल्या.

आणि दबाव चुकीचा असेल तर? तर कंपनीनं नाही म्हणावं, पण आकडे उघडे ठेवून. शेलनं ब्रेंट स्पारची त्रयस्थ तपासणी करून घेतली ती माघार घेतल्यावर. परवानगी मागण्याआधीच, विरोधकांना सोबत बसवून ती झाली असती, तर जूनमधलं भांडण निदान खऱ्या प्रश्नावर झालं असतं.