फोनचे बिल कोण भरत होते?

घरगुती संगणकांच्या पहिल्या पिढीबद्दल लिहिताना एक विधान हमखास केले जाते, ते म्हणजे त्या काळी लोक सॉफ्टवेअर एकमेकांना फुकट देत असत. विधान खोटे नाही, पण अपुरे आहे. प्रोग्राम फुकट मिळत असला तरी तो ज्या तारेवरून येई ती तार टेलिफोन कंपनीची होती आणि दर महिन्याला कोणाच्या तरी घरी तिचे बिल येत होते. त्या काळातील नियमपत्रके, प्रोग्रामसोबत येणाऱ्या माहितीफायली आणि जपून ठेवलेले जुने संदेश मी सवडीने वाचत असतो. ते वाचताना माझे मत असे बनत गेले की, त्या जगातील बहुतेक साऱ्या रीती, तांत्रिक असोत वा शिष्टाचाराच्या, या बिलाच्या धाकातून निघाल्या आहेत. लोकांचे औदार्य खरे होते, पण ते हिशेबी औदार्य होते आणि मला त्याचे जास्त कौतुक वाटते.

शिकागोपासूनच सुरुवात करावी लागते. वॉर्ड क्रिस्टेन्सन हे आयबीएममध्ये नोकरी करत आणि रँडी स्यूस हे हार्डवेअरचे जाणकार होते. दोघेही तेथील हौशी संगणकधारकांच्या मंडळाचे सभासद. जानेवारी १९७८ मध्ये मोठ्या हिमवादळाने शहर ठप्प झाले असता, मंडळाच्या बैठकीच्या जागी असणाऱ्या सूचनाफलकाचे काम संगणकाकडून फोनवर करून घ्यावे, अशी कल्पना त्यांनी उचलली. सॉफ्टवेअर क्रिस्टेन्सन यांनी लिहिले, यंत्राची जुळणी स्यूस यांनी केली. १६ फेब्रुवारी १९७८ ही सीबीबीएस या पहिल्या सार्वजनिक बुलेटिन बोर्डाची अधिकृत तारीख मानली जाते. प्रत्यक्षात काम दोन आठवड्यांतच झाले होते, पण त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणून महिना लागल्याचे सांगितले, असे क्रिस्टेन्सन पुढे सांगत. हे यंत्र त्यांनी स्यूस यांच्या घरी ठेवले, कारण शिकागोच्या सर्व भागांतून त्या घरी लोकल कॉल करता येत असे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लोकल फोनला महिन्याचा ठरावीक आकार असल्याने तासभर बोलले तरी जादा पैसे पडत नसत. शहराबाहेर फोन लावला की मात्र मिनिटागणिक मीटर पळे. म्हणजे बोर्ड कोठे असावा, हा पहिला निर्णयच दरपत्रकाने घेतला होता. लाइन एकच असल्यामुळे एका वेळी एकच माणूस आत येऊ शकत असे आणि बाकीच्यांना एंगेज टोन ऐकू येई. अशाही अवस्थेत हा बोर्ड बंद होईपर्यंत त्यावर अडीच लाखांहून अधिक कॉल येऊन गेले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९७७ मध्ये, क्रिस्टेन्सन यांनी एक छोटा प्रोग्राम लिहून सर्वांसाठी खुला केला होता. पुढे एक्समोडेम या नावाने ओळखली गेलेली पद्धत त्यातूनच आली. टेलिफोनच्या तारेत खरखर असते, मध्येच कोणी दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचलतो आणि चार अक्षरे बिघडतात. संदेशात चार अक्षरे बिघडली तर वाचणारा समजून घेतो. प्रोग्राममधील एक बाइट बिघडला तरी तो चालत नाही. क्रिस्टेन्सन यांनी फाइलीचे १२८ बाइटांचे तुकडे केले, कारण त्यांच्या सीपी/एम या कार्यप्रणालीत डिस्कवरचा एक सेक्टर तेवढाच असे. प्रत्येक तुकड्याच्या आधी सुरुवातीची खूण, तुकड्याचा क्रमांक आणि त्या क्रमांकाचे उलटे रूप, आणि शेवटी साऱ्या बाइटांची एका बाइटात मावणारी बेरीज, असे एकंदर १३२ बाइट जात. पलीकडचा संगणक स्वतः बेरीज करून पाही. जुळली तर ‘पोचले’ अशी खूण परत पाठवी, न जुळल्यास ‘नाही’ म्हणे, आणि तोच तुकडा पुन्हा येई. मोडेम म्हणजे संगणकाची माहिती टेलिफोनच्या तारेवरून पाठवणारे यंत्र; ३०० बॉड वेगाच्या मोडेमवर सेकंदाला सुमारे ३० अक्षरे जात, त्यामुळे एका तुकड्याला साधारण साडेचार सेकंद लागत आणि १०० किलोबाइटच्या फाइलीला जवळजवळ एक तास. पन्नासाव्या मिनिटाला लाइन तुटली की सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. जेथे थांबलो तेथून पुढे चालू करण्याची सोय चक फोर्सबर्ग यांच्या झेडमोडेमने १९८६ मध्ये आणली. तिचे महत्त्व कळायला लांब पल्ल्याच्या फोनचे बिल एकदा तरी भरलेले असावे लागते.

बोर्ड वाढले, पण प्रत्येक जण आपल्या गावापुरता होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये आपला फिडो हा बोर्ड बाल्टिमोर येथील बोर्डाशी जोडला आणि त्यातून फिडोनेट उभे राहिले. दोन्ही यंत्रे रात्री ठरलेल्या वेळी एकमेकांना फोन करत, दिवसभर साठलेली टपालाची गठडी पाठवत आणि फोन ठेवून देत. सुरुवातीला ही वेळ पॅसिफिक किनाऱ्यावरील घड्याळाप्रमाणे रात्री १ ते २ अशी होती, कारण तेव्हा दर सर्वांत कमी असत. आपल्याकडे रात्री ११ नंतर एसटीडीचा दर उतरे, म्हणून बूथबाहेर लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको. या तासात बोर्डावर माणसांना प्रवेश नसे. लाइन फक्त यंत्रांसाठी मोकळी ठेवावी लागे, आणि पुढे लिखित धोरणात हे बंधनकारकच करण्यात आले.

बोर्डांची संख्या वाढल्यावर आणखी एक काटकसर सुचली. सेंट लुइस शहरातील दहा बोर्डांना बाल्टिमोरहून दहा वेगळे फोन कशाला करायचे? शहरातल्या एका बोर्डाला सगळे टपाल द्यावे आणि त्याने ते लोकल कॉलने वाटावे. १९८५ मध्ये याच हेतूने फिडोनेटचे पत्ते ‘जाळे आणि त्यातील स्थानक’ अशा दोन भागांचे झाले. टपाल खात्यात मुख्य कार्यालयाची थैली फोडून पत्रे शाखांना वाटली जातात, तोच प्रकार. १९८६ च्या सुमारास डॅलसच्या जेफ रश यांनी इकोमेल आणले. एका बोर्डावर लिहिलेला संदेश आता त्या विषयात सहभागी असलेल्या सर्व बोर्डांवर उमटू लागला आणि कोपऱ्यातल्या गावातील माणसाला देशभरातल्या जाणकारांना प्रश्न विचारता येऊ लागला.

हे प्रश्न कसे विचारले जात, हे पाहण्यासारखे आहे. प्रश्न रात्री निघे, एक-दोन मुक्काम करत पोहोचे आणि उत्तरही तसेच मजल दरमजल करत येई. ‘माझे मोडेम चालत नाही’ एवढेच लिहिले, तर ‘कोणते मोडेम?’ एवढे विचारण्यातच चार दिवस जात. त्यामुळे अनुभवी माणूस पहिल्याच संदेशात यंत्राचे मॉडेल, मेमरी, डॉस या कार्यप्रणालीची आवृत्ती, कोणते कार्ड कोणत्या पोर्टवर आहे आणि पडद्यावर नेमकी काय अक्षरे आली, हे सगळे लिहून मोकळा होई. त्या काळात हमखास भेटणारी एक तक्रार अशी की, माउस हलवला की मोडेमचा संपर्क तुटतो किंवा यंत्र गोठते. उत्तर देणाऱ्याला माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर आहे एवढे कळले की पुरे, कारण पीसीमध्ये हे दोन्ही पोर्ट सर्वसाधारणपणे आयआरक्यू ४ ही एकच इंटरप्ट लाइन (प्रोसेसरचे लक्ष वेधून घेणारी तार) वापरतात, आणि कॉम २ व कॉम ४ हे आयआरक्यू ३ वापरतात. मोडेमच्या कार्डावरचा जंपर बदलून ते कॉम २ किंवा कॉम ४ वर नेले की काम भागे. पण प्रश्नात पोर्टचा उल्लेखच नसेल, तर हे दोन ओळींचे उत्तर आठवडाभर अडून राही. नीट प्रश्न विचारण्याची जी शिस्त आज उपदेश करून शिकवावी लागते, ती तेव्हा उशीर आणि खर्च यांनीच लावली होती.

शिष्टाचाराचेही तेच. समोरच्याचा लांबलचक संदेश जसाच्या तसा उद्धृत करून खाली ‘सहमत’ असे लिहिणे हा तेथे निव्वळ कंटाळवाणा प्रकार नव्हता. ते अनेक अनोळखी सिसॉपांच्या, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्यांच्या, खिशाला हात घालणे होते, कारण तो मजकूर प्रत्येक मुक्कामाला पुन्हा फोनवरून जाई. फिडोनेटच्या धोरणात वागणुकीचे सारे सूत्र दोन कलमांत सांगितले होते: इतरांना अती त्रास देऊ नये, आणि स्वतःही फार सहज त्रासून जाऊ नये. दुसरे कलम लिहिणारा माणूस मला मोठा अनुभवी वाटतो. बोर्डावर वेळेची मर्यादा असे. अनेक ठिकाणी जेवढे चढवाल त्याच्या ठरावीक पटीतच उतरवता येई, म्हणजे नुसत्या घेणाऱ्याची गाडी लवकरच अडे. या नियमाला पळवाटाही निघाल्या आणि लोक जुनीच फाइल नाव बदलून चढवू लागले, तेव्हा सिसॉपांना रोज सकाळी आलेला माल निवडत बसावे लागे.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीही याच वाटांचा आपल्या पोटापाण्यासाठी विचार केला. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी पीसी-टॉक हा संपर्काचा प्रोग्राम, आणि जिम नॉफ यांनी जिम बटन या नावाने पीसी-फाइल हा माहितीसाठ्याचा प्रोग्राम असाच सोडला: वापरा, इतरांना द्या, आवडला तर पैसे पाठवा. पुढे याच पद्धतीला शेअरवेअर हे नाव पडले. मला मात्र सर्वांत चतुर वाटते ती बॉब वॉलेस यांची योजना. मायक्रोसॉफ्टच्या अगदी पहिल्या नोकरदारांपैकी असलेल्या या गृहस्थांनी नोकरी सोडून १९८३ मध्ये पीसी-राइट हा शब्दसंस्करणाचा प्रोग्राम काढला. ७५ डॉलर भरून नोंदणी केली की छापील पुस्तिका, मदत आणि स्वतःचा क्रमांक असलेली प्रत मिळे. त्या प्रतीवरून नक्कल केलेल्या कोणी पुढे नोंदणी केली, तर मूळ नोंदणीदाराला २५ डॉलर मिळत. ज्या नकलांच्या नावाने बिल गेट्स यांनी १९७६ मध्ये हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहून बोल लावला होता, त्याच नकला करणाऱ्याला वॉलेस यांनी आपला विक्रेता करून टाकले.

तथापि या मंडळींना संत ठरवण्याचे कारण नाही. फाइली लहान करून एकत्र बांधण्यासाठी १९८५ पासून एआरसी हे स्वरूप बोर्डांवर रूढ होते. ते थॉम हेंडरसन यांच्या छोट्याशा कंपनीचे. फाइल निम्मी झाली तर फोनचा वेळही निम्मा होतो, त्यामुळे या प्रोग्रामला घरोघर मान होता. मिल्वॉकीच्या फिल कॅट्झ यांनी त्याचेच काम फार वेगाने करणारा पीकेएआरसी काढला. १९८८ मध्ये हेंडरसन यांच्या कंपनीने दावा लावला. कॅट्झ यांच्या प्रोग्राममध्ये मूळ कोडमधल्या टिपाच नव्हे, तर त्यांतल्या स्पेलिंगच्या चुकाही उतरलेल्या आढळल्या. दावा तडजोडीने मिटला आणि कॅट्झ यांनी १९८९ मध्ये पीकेझिप आणून त्याचे स्वरूप सर्वांसाठी खुले केले. बोर्डांवरील जनमत मात्र तोवर एका बलाढ्य कंपनीने एकट्या प्रोग्रामरला छळल्याच्या कथेवर पेटले होते. ‘बलाढ्य’ कंपनी म्हणजे मूठभर माणसांचे घरगुती दुकान होते, हे कोणी ध्यानात घेतले नाही. सिसॉपांनी एआरसी फाइली झपाट्याने झिपमध्ये बदलून टाकल्या. झिप तांत्रिक दृष्ट्या सरस होते आणि खुलेही होते, हे मान्यच. पण हेंडरसन यांच्या वाट्याला आलेला राग अन्याय्य होता, असे मला वाटते.

आपल्याकडे हे वारे उशिरा आणि विरळ पोहोचले. मुंबईत लाइव्ह वायर, बंगळूरमध्ये अतुल चिटणीस यांचे सिक्स, अशी बोर्डांची मोजकी नावे होती, पण मुंबईबाहेरच्या माणसाला मुंबईचा बोर्ड म्हणजे एसटीडी, आणि एसटीडीवर तासभर फाइल उतरवणे हा विचारही परवडणारा नव्हता. शिक्षणसंस्थांतील काहींना अर्नेट या शिक्षण-संशोधनाच्या जाळ्यावरील टपालाचा (ईमेलचा) आधार होता, ज्याचे परदेशाशी दळणवळण मुंबईच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेमार्फत चाले. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधील व्हाइट सँड्स या लष्करी क्षेपणास्त्र तळावरच्या एका संगणकावर सिमटेल २० नावाचा सीपी/एम आणि डॉसच्या प्रोग्रामांचा प्रचंड साठा होता, जो मुख्यतः स्वयंसेवकांच्या कष्टांवर उभा होता. अशा साठ्यांतील फाइली टपालानेही मागवता येत. टपालातून फक्त अक्षरेच जाऊ शकत, म्हणून दर तीन बाइटांची चार अक्षरे करून, मग त्या फुगलेल्या मजकुराचे तुकडे पाडून फाइल येई. नऊपैकी आठ तुकडे आले आणि सातवा वाटेतच राहिला, तर बाकीचे आठ निरुपयोगी ठरत.

बाकी सर्वांसाठी फ्लॉपी होतीच. मित्राच्या ऑफिसातून आलेली शेअरवेअरची डिस्क आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तिच्या किती नकला झालेल्या असत, ते सांगता येत नसे. सोबतच्या माहितीफाइलीत अमेरिकेतल्या एखाद्या बोर्डाचा फोन नंबर मात्र शाबूत असे, आणि तो आम्ही कधीच लावणार नव्हतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीने इंटरनेट खुले केले, तरी घरातून मोठी फाइल उतरवणे बराच काळ महागच राहिले. म्हणून १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीची सीडी दिली, आणि त्यामागे बोर्डांच्या जगात वाढलेले चिटणीस होते, यात मला नवल वाटत नाही. ६५० मेगाबाइटची भरलेली सीडी २४०० बॉडच्या मोडेमवरून उतरवायची म्हटली असती, तर लाइन एकदाही न तुटता जवळजवळ ३३ दिवस लागले असते. पेपरवाल्याने अंक टाकला की ती घरात येत होती.