पियानोचे एक वर्ष

पियानो शिकायला लागून आज बरोबर एक वर्ष झाले. लहानपणापासून पेटी वाजवत असल्यामुळे उजवा हात पट्ट्यांवर सहज फिरत होता. पण आजवर केवळ भाता हलवत आलेल्या डाव्या हाताला स्वतंत्र स्वर वाजवायला लावणे किती अवघड आहे, हे पहिल्याच आठवड्यात कळून चुकले. करंगळी तर दर वेळी अनामिकेलाही सोबत खाली ओढायची. आज मात्र जर्मन संगीतकार पेट्झोल्डचा जी मेजरमधील मिन्युएट, म्हणजे तीन मात्रांची एक जुनी युरोपीय नृत्यरचना (संगीतकार बाखच्या बायकोच्या १७२५च्या वहीतला, जो कित्येक वर्षे बाखच्याच नावावर खपला), मेट्रोनोम हे लय धरणारे यंत्र मिनिटाला ८० ठोक्यांवर ठेवून प्रथमच न थांबता पूर्ण वाजवला. दादऱ्याची सवय असल्याने तीन मात्रांचा ठेका जड गेला नाही. उत्तरार्धात डावा हात अजूनही घाई करतो. स्वयंपाकघरातून आई एवढेच म्हणाली, “आज कुठे अडखळली नाहीस गं.”